किरकोळ रोकडवही

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी हिशेब कसे ठेवावेत यासाठी २०११ ची लेखासंहिता आहे आणि तिच्यात एक ते तेहतीस असे नमुने आहेत. गावात तपासणीला गेलेला अधिकारी साधारणपणे पाचव्या नमुन्यातील सामान्य रोकडवही मागतो, आठव्या व नवव्या नमुन्यांतील कर आकारणी आणि मागणीच्या नोंदवह्या चाळतो, वेळ उरला तर मोजमाप वही उघडतो. अठराव्या नमुन्याचे नाव 'किरकोळ रोकडवही' असे आहे. ही वही कोणी मागितल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. मागितलीच तर ती बहुधा कोरी निघते, किंवा मार्चअखेरीस एकाच शाईने आणि एकाच बैठकीत लिहून काढलेली असते.

माझी नोकरी केंद्र सरकारची असल्यामुळे गेल्या तीसएक वर्षांत वेगवेगळ्या राज्यांतील पंचायती, नगरपालिका आणि आरोग्य उपकेंद्रे जवळून पाहता आली. राज्य बदलले की नमुन्यांचे क्रमांक आणि नावे बदलतात. किरकोळ रोकडीची अवस्था मात्र फारशी बदलत नाही. कोट्यवधींच्या योजनांवर चर्चासत्रे होतात, पण पंप बंद पडला तर वायसर आणायला साठ रुपये कोणाच्या खिशातून येतात, हा प्रश्न चर्चासत्राच्या पत्रिकेवर कधी येत नाही. विषय क्षुल्लक वाटेल. तरीही वाचकांनी तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे, कारण अशाच एका क्षुल्लक रकमेपाशी माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

प्रथम शब्दांचा थोडा खुलासा करतो. सरकारी दप्तरात लहान रकमा हाती ठेवण्याचे तीन प्रकार आहेत आणि व्यवहारात त्यांची सतत गल्लत होते. पहिला प्रकार तसलमात. हा जुना दफ्तरी शब्द आहे. एखाद्या ठरावीक कामासाठी कर्मचाऱ्याच्या हाती आगाऊ रक्कम द्यायची, काम झाले की त्याने हिशेब आणि उरलेले पैसे परत करायचे. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार अशा रकमेचा हिशेब पंधरा दिवसांत द्यावा लागतो, नाहीतर ती पगारातून कापली जाते. दुसरा प्रकार स्थायी अग्रधन, ज्याला कार्यालयात सर्रास 'इम्प्रेस्ट' म्हणतात. यात कार्यालयाकडे एक ठरावीक रक्कम कायमची ठेवलेली असते. तिच्यातून लहानसहान खर्च करायचा, प्रमाणके जोडून वरच्या कार्यालयाकडे पाठवायची, आणि जेवढा खर्च झाला तेवढीच भरपाई घेऊन रक्कम पुन्हा पूर्ववत करायची. तिसरा प्रकार फिरता निधी. यातील पैसा खर्च होत नाही. तो उसना दिला जातो, परत येतो आणि पुन्हा दुसऱ्याला दिला जातो.

स्थायी अग्रधनाची पद्धत ज्या कोणी शोधून काढली त्याला हिशेब आणि माणूस दोन्ही कळत असावेत. समजा अग्रधनाची रक्कम ५,००० रुपये आहे. मग वर्षातील कोणत्याही दिवशी, कोणत्याही क्षणी, पेटीतील रोकड आणि भरपाई न झालेल्या प्रमाणकांची बेरीज ५,००० च आली पाहिजे. पेटीत १,८५० असतील तर प्रमाणके ३,१५० ची असलीच पाहिजेत. तपासणीसाला ना अंदाजपत्रक लागते, ना मंजुरीची नस्ती. तो अचानक येऊन पाच मिनिटांत पेटी मोजू शकतो. म्हणजे खर्च करताना कर्मचाऱ्याला मोकळीक आहे, आणि नंतर तपासताना अधिकाऱ्याला पूर्ण अधिकार आहे. या मांडणीत विश्वास आणि नियंत्रण यांचा झगडा नाही. आधी विश्वास आणि मागाहून तपासणी असा त्यांचा क्रम ठरलेला आहे.

आपण व्यवहारात हा क्रम उलटा केला आहे. माझी चूक त्यातलीच.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, तेव्हा त्यातील एक लहान तरतूद मला फार आवडली होती. प्रत्येक आरोग्य उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये 'अबंधित' निधी म्हणून मिळणार होते. तेथील परिचारिका आणि सरपंच यांच्या संयुक्त खात्यात ते जमा व्हायचे, आणि स्थानिक गरजेनुसार ते वापरायचे. स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, पट्ट्या-कापूस, आणि तातडीच्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पोचवण्याचे भाडे, अशा गोष्टी मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट दिलेल्या होत्या. दिल्लीने गावाला काय घ्यावे हे न सांगता पैसे दिले, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

२००८ मध्ये आढावा पथकाचा सदस्य म्हणून मी मध्य भारतातील एका जिल्ह्यात गेलो होतो. रस्त्यापासून बऱ्याच आत असलेल्या एका उपकेंद्रात नोंदवही तपासताना ६४० रुपयांची एक नोंद दिसली: जीपचे भाडे. पावती नव्हती, समितीचा ठराव नव्हता. चौकशी केली तेव्हा परिचारिकेने सांगितले, की ऑगस्टमधल्या एका रात्री एका बाळंतिणीची अवस्था बिघडली. १०८ ची रुग्णवाहिका तोवर त्या जिल्ह्यात पोचली नव्हती. संयुक्त खात्यातून पैसे काढायला सरपंचांची सही लागते आणि सरपंच नातलगाच्या लग्नाला परगावी गेले होते. शिवाय रात्री कोणती बँक उघडी असणार? तिने शेजारच्या गावातून जीप बोलावली, स्वतःचे पैसे दिले, बाईला तालुक्याच्या रुग्णालयात नेले. नंतर सरपंच परतल्यावर दोघांच्या सहीने तेवढी रक्कम काढून घेतली आणि नोंद केली. जीपवाल्याकडे पावतीपुस्तक नव्हते. आई आणि मूल दोघेही सुखरूप होते, हेही तिने सांगितले. पण ते आमच्या तक्त्यातील कोणत्याही रकान्यात बसत नव्हते.

पथकाच्या टिपणाचा मसुदा माझ्याकडे होता. मी लिहिले: प्रमाणक उपलब्ध नाही, पूर्वमंजुरी नाही, सबब रक्कम वसूलपात्र. तिला हे समजावून सांगितले तेव्हा तिने अगदी साधेपणाने विचारले, "साहेब, मग त्या रात्री मी काय करायला हवं होतं?" मी तिला सांगितले, की अशा आकस्मिक प्रसंगांसाठी समितीचा आगाऊ ठराव घेऊन ठेवायला हवा होता. उत्तर नियमाला धरून होते. तिने मान हलवली आणि वही मिटली.

पुढच्या वर्षी योगायोगाने मी पुन्हा त्याच उपकेंद्रात गेलो. वही सुंदर ठेवलेली होती. आरंभीची शिल्लक, जमा झालेले १०,०००, बँकेचे व्याज, अखेरची शिल्लक. खर्चाच्या बाजूला एकही नोंद नव्हती. एकही आक्षेप नव्हता, कारण आक्षेप घेण्याजोगे काही घडलेलेच नव्हते. आमच्या तक्त्यात त्या उपकेंद्रापुढे 'समाधानकारक' असा शेरा पडला आणि तो मीच दिला. त्या वर्षात कोणाला जीप लागली होती का, हे विचारण्याचा रकाना तक्त्यात नव्हता, आणि मीही विचारले नाही.

हा प्रसंग मला पुढे अनेक वर्षे टोचत राहिला, त्याला आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारच्या १९८३ च्या प्राप्ती व प्रदान नियमांवर माझ्या नोकरीची पहिली वर्षे पोसली गेली. त्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की जेथे प्रमाणक वा पावती मिळणे शक्य नाही तेथे रक्कम दिल्याचे प्रमाणपत्र स्वतः अधिकाऱ्याने सही करून द्यावे, वरिष्ठाने त्यावर प्रतिस्वाक्षरी करावी आणि परिस्थितीचे टिपण जोडावे. म्हणजे पावती नसणाऱ्या जीपवाल्याचा विचार नियमकर्त्यांनी केला होता. उपकेंद्राच्या खात्याला तोच नियम जसाच्या तसा लागू नव्हता हे खरे. पण त्यामागचे तत्त्व मला ठाऊक होते आणि ते वापरण्याची शिफारस मी करू शकलो असतो. केली नाही. टिपणात 'वसूलपात्र' लिहिणे सोपे होते, 'ग्राह्य धरावे' लिहायला कारण द्यावे लागले असते आणि त्या कारणाची जबाबदारी माझ्यावर आली असती. वित्तीय नियमांचे पहिले तत्त्व असे, की साधारण शहाणा माणूस स्वतःचा पैसा जितक्या काळजीने खर्च करील तितक्याच काळजीने सार्वजनिक पैसा खर्चावा. त्या रात्री साधारण शहाण्या माणसाने जीपच केली असती.

येथे थोडे अर्थशास्त्र सांगण्याचा मोह आवरत नाही. एम.ए.ला असताना आम्हांला बोमोल (१९५२) आणि टोबिन (१९५६) यांचे रोकडीच्या मागणीचे प्रारूप शिकवले होते. त्यांचा प्रश्न साधा होता: हाती किती रोकड ठेवणे परवडते? रोकड हाती ठेवली तर व्याज बुडते. न ठेवली तर दरवेळी बँकेत जाण्याचा खर्च येतो. दोन्हींचा तोल जेथे साधतो ती योग्य रक्कम. वर्षाचा एकूण खर्च आणि एका फेरीचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला व्याजदराने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे, असे ते सूत्र.

ते एका काल्पनिक ग्रामपंचायतीला लावून पाहू. वर्षाचा किरकोळ खर्च ३६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ३,०००. तालुक्याला एक फेरी, म्हणजे बसभाडे आणि ग्रामसेवकाचा अर्धा दिवस मिळून, अगदी कमी धरले तरी १५० रुपये. बचत खात्याचे व्याज तीन टक्के. या आकड्यांवरून योग्य रोकड येते सुमारे १९,००० रुपये, आणि वर्षाला दोनच फेऱ्या. कोणी म्हणेल, रोकड हाती ठेवण्याचा खरा खर्च व्याज नसून चोरी आणि अफरातफर हा आहे. मान्य. मग तीन टक्क्यांच्या जागी चक्क तीस टक्के धरू. तरीही उत्तर ६,००० येते, म्हणजे दोन महिन्यांचा खर्च आणि वर्षाला सहा फेऱ्या. आता समजा नियमाने मर्यादा १,००० रुपयांची घातली आहे. फेऱ्या होतात छत्तीस आणि त्यांचाच खर्च ५,४०० रुपये. सहा हजारांच्या मर्यादेत फेऱ्यांचा खर्च ९०० आणि तीस टक्क्यांच्या हिशेबाने धोक्याचा खर्च आणखी ९००, एकूण १,८००. म्हणजे अविश्वासाची ही मर्यादा पाळण्यासाठी गाव वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक रुपये मोजते, आणि ते कोणत्याही वहीत दिसत नाहीत.

ही रक्कम लहान वाटेल, म्हणून तिच्याशेजारी आणखी एक आकडा ठेवतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या वित्तव्यवस्थेवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२२-२३ मध्ये एका पंचायतीचे स्वतःच्या करांतून मिळणारे सरासरी उत्पन्न सुमारे २१,००० रुपये होते आणि करेतर उत्पन्न सुमारे ७३,०००. बाकी सुमारे ९५ टक्के उत्पन्न अनुदानांचे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली, पण त्यातील साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले, आणि उरलेल्या अबंधित चाळीस टक्क्यांतूनही पगार वा आस्थापनेचा खर्च करता येत नाही. ही अट समजण्यासारखी आहे. नाहीतर सारे अनुदान पगारात गेले असते. पण तिचा परिणाम असा, की झेरॉक्स, टपाल, ग्रामसभेचा चहा, कुलूप-किल्ली असा खर्च त्या तुटपुंज्या स्वउत्पन्नातूनच भागवावा लागतो. लाखो रुपयांच्या रस्त्याचे अनुदान खात्यात असलेल्या पंचायतीत विजेचा दिवा बदलायला पैसे नसतात, हे दृश्य मी एकाहून अधिक राज्यांत पाहिले आहे.

मग हे व्यवहार होतात कसे? कर्मचारी स्वतःच्या खिशातून करतो. भरपाई तीन-चार महिने अडकते. एकदा अडकल्यावर तो दोन गोष्टी शिकतो: खर्च टाळायला, किंवा पावती 'जमवायला'. ओळखीच्या दुकानदाराकडून कोरी बिले घेऊन ठेवणारे कर्मचारी मी पाहिले आहेत आणि त्यांतले सगळेच लबाड नव्हते. खऱ्या खर्चाला खोटी पावती जोडण्याची सवय मात्र धोक्याची, कारण तोच हात पुढे खोट्या खर्चालाही खोटी पावती जोडू लागतो. कडक नियमाने अप्रामाणिकपणा थांबतो असे आपण समजतो. पुष्कळदा त्याने प्रामाणिक माणसाला अप्रामाणिकपणाची पहिली तालीम मिळते.

याचा अर्थ किरकोळ रोकडीत गैरव्यवहार होत नाहीत असे मला मुळीच म्हणायचे नाही. कौटिल्याने अपहाराचे चाळीस प्रकार मोजले होते. आज मोजायला बसलो तर यादी लांबेल. माल वाहून आणल्याच्या प्रमाणकावर ट्रकचा म्हणून लिहिलेला क्रमांक परिवहन कार्यालयात दुचाकीचा निघतो. एकच जीप एकाच दिवशी दोन टोकांच्या गावांत धावलेली असते. एका नगरपालिकेच्या ताळेबंदात मी अशा तसलमाती पाहिल्या, की ज्यांच्या नावावर त्या होत्या ते कर्मचारी निवृत्त झाले होते आणि काही तर हयातही नव्हते. पंधरा दिवसांचा हिशेब वीस वर्षे रखडला होता आणि दरवर्षी तो 'येणे' म्हणून पुढे ओढला जात होता. पण ही उदाहरणे पाहा. यांतील एकही गैरव्यवहार आगाऊ मंजुरी नसल्यामुळे झालेला नाही. मंजुऱ्या आणि सह्या सगळ्या होत्या. नव्हते ते एवढेच, की कोणी अचानक जाऊन पेटी मोजली नव्हती आणि गाडीचा क्रमांक पडताळला नव्हता.

आता फिरत्या निधीकडे वळतो, कारण तेथे हीच चूक दुसऱ्या रूपाने होते. आरोग्य अभियानात गावाच्या आरोग्य व स्वच्छता समितीलाही वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी होता, आणि त्याच्या उपयोगांच्या यादीत असे म्हटले होते, की गरजू कुटुंबाने अडचणीच्या वेळी यातून पैसे घ्यावेत आणि मागाहून हप्त्यांनी परत करावेत. फारच शहाणपणाची कल्पना. पण मी पाहिलेल्या गावांत हा उपयोग जवळजवळ कोठेच होत नव्हता. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. समितीला दिलेल्या हिशेबाच्या तक्त्यात मिळालेली रक्कम, खर्च आणि शिल्लक असे तीनच रकाने होते. परत आलेल्या पैशाला रकानाच नव्हता. एखाद्या कुटुंबाला ५०० रुपये उसने दिले तर ते कोठे दाखवायचे? खर्चात दाखवले तर परत आल्यावर काय करायचे? उपयोगिता प्रमाणपत्र तर फक्त 'खर्च झाला' एवढेच विचारत होते. ज्या निधीने फिरावे अशी अपेक्षा होती, तो खर्च झाल्यावरच आम्हांला समाधान वाटत होते.

याच्या उलट चित्र बचत गटांत दिसते. स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेने १९९९ पासून आणि राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने २०११ पासून गटांना फिरता निधी दिला. केरळात १९९८ साली सुरू झालेल्या कुडुंबश्रीचे शेजारगटही याच रीतीने बचत आणि अंतर्गत कर्जव्यवहार करतात. सगळेच गट यशस्वी झाले असे नाही. पण जे टिकले त्यांत पैसा फिरतो, कारण तो सर्वांसमक्ष दिला जातो, सर्वांसमक्ष परत येतो, आणि एकीची परतफेड हेच दुसरीचे कर्ज असते. आपल्याकडे भिशी चालवणाऱ्या बायकांना हे कोणा अर्थशास्त्रज्ञाने शिकवावे लागले नव्हते. गटाच्या वहीत प्रत्येक बैठकीला किती गेले आणि किती आले हे लिहिले जाते. सरकारी फिरत्या निधीच्या वहीतही तेवढेच लिहिले असते, तर वर्षाअखेरीस निधी किती वेळा फिरला हे सांगता आले असते. वर्षात एकदाही न फिरलेल्या निधीला फिरता निधी म्हणणे ही भाषेची उधळपट्टी आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो नव्या पिढीतील माझे सहकारी नेहमी घेतात. आता हे सारे कालबाह्य झाले, ई-ग्रामस्वराज आले, सरपंच आणि ग्रामसेवक आपापल्या डिजिटल सहीने पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात पाठवतात. पेटीतील रोकडीचे काय घेऊन बसलात? ई-ग्रामस्वराज २०२० साली सुरू झाले, आणि त्याने वित्त आयोगाच्या पैशाचा माग काढणे खूपच सोपे केले, याबद्दल माझे दुमत नाही. त्याचप्रमाणे २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा पैसा राज्यात एकाच मध्यवर्ती खात्यात ठेवण्याची पद्धत आली. खालच्या यंत्रणांची खाती शून्य शिल्लकीची, त्यांना फक्त खर्चाची मर्यादा मिळते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे पटते. सरकारने कर्ज काढून व्याज भरायचे आणि तोच पैसा हजारो लहान खात्यांत निजून राहायचा, हे थांबायलाच हवे होते.

पण घरात नळ आला म्हणून कोणी माठ फोडत नाही. शेवटच्या टोकाला हाती असलेले पाच हजार रुपये हा निजलेला पैसा नसतो. तो औषधाच्या पेटीतील साठ्यासारखा असतो, वेळेवर हाताशी असणे हाच त्याचा उपयोग. विहिरीत पडलेले जनावर काढायला दोर धरणारे चौघे, पंप उघडणारा मिस्त्री, पुराच्या दिवशी ट्रॅक्टर देणारा शेतकरी यांची नोंदणीकृत विक्रेते म्हणून आगाऊ नोंद करता येत नाही, आणि दोन डिजिटल सह्या जुळेपर्यंत ते थांबत नाहीत. तंत्रज्ञानाशी माझे भांडण नाही. उलट त्याचाच उपयोग करावा असे मी म्हणतो. मिस्त्रीच्या हाती आज मोबाइल आहे. ठरावीक मर्यादेचे अग्रधन एका स्वतंत्र खात्यात ठेवून त्यातून ग्रामसेवकाला वा परिचारिकेला एकटीच्या सहीने मोबाइलवरून पैसे देता आले, तर पावती आपोआप तयार होईल आणि पेटी मोजायला गावात जावेही लागणार नाही. यंत्र आजही ते करू शकते. अडतो तो एका सहीवर विश्वास टाकण्याचा निर्णय.

स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय आहे. केंद्राच्या अधिकाऱ्याने राज्यांना नियम शिकवू नयेत, याची मला जाणीव आहे. तरीही अनुभवाच्या आधारे काही सूचना मांडतो. अग्रधनाची मर्यादा रुपयांत कायमची न लिहिता मागील वर्षाच्या दोन महिन्यांच्या प्रत्यक्ष किरकोळ खर्चाइतकी ठेवावी, म्हणजे ती भाववाढीबरोबर आपोआप बदलेल. भरपाई सात दिवसांत व्हावी, आणि न झाल्यास तो दोष वरच्या कार्यालयाच्या नावावर नोंदला जावा; आज उशिराची शिक्षा फक्त खालचा माणूस भोगतो. पाचशे रुपयांपर्यंतच्या, पावती न मिळणाऱ्या खर्चाला स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र पुरेसे मानावे, आणि अशा सर्व नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. जीप खरोखर आली होती का, हे गावाला कोणत्याही लेखापरीक्षकापेक्षा चांगले ठाऊक असते. आगाऊ मंजुऱ्यांवर जाणारा वेळ अचानक तपासणीवर घालवावा. फिरत्या निधीच्या तक्त्यात 'परत आले' हा रकाना घालावा.

आणि शेवटची सूचना आम्हा तपासणाऱ्यांसाठी. ज्या कार्यालयाचा किरकोळ निधी वर्षभर जसाच्या तसा राहिला, त्याच्यावर आक्षेप घ्यावा. तेथे काटकसर झाली, की लोकांची गरज आली आणि भीतीने परत गेली, हे विचारणे तपासणीचा भाग मानावा. खर्चलेल्या रुपयाचा जाब आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो. न खर्चलेल्या रुपयाचा जाब विचारायला अजून शिकलेलो नाही.

ते ६४० रुपये वसूल झाले की नाही, हे मी नंतर कधी तपासले नाही. टिपण वर गेले, पुढील कार्यवाही जिल्ह्याने करावयाची होती, आणि माझी बदली झाली. त्या परिचारिकेच्या प्रश्नाला मी तेव्हा दिलेले उत्तर मात्र बदलू इच्छितो. त्या रात्री तुम्ही जे केलेत तेच करायला हवे होते. तुमच्या वहीखाली 'ग्राह्य' लिहून सही करणे हे माझे काम होते.